शिधा पोचला

१

साथीमुळे शॅननच्या विमानतळावरची विमानं बंद झाली आणि उल्काला शेजारच्या घरातलं सगळं ऐकू यायला लागलं.

एरवी एखादं विमान डोक्यावरून जायचं आणि खालच्या बारीकसारीक आवाजांवर बोळा फिरवायचं. आता किटली भरल्याचं ऐकू यायचं, काठी टेकल्याचं, रेडिओवर रोजचे आकडे सांगणाऱ्या बाईचं. दोन घरांमध्ये एकच भिंत, तीही कारखान्यातल्या लोकांसाठी कधीकाळी घाईघाईनं बांधलेली. कान लावायची गरज नव्हती. उल्का तरी लावायची.

"लोकांच्या भिंतीला कान असतात," सुभाष बूट घालता घालता म्हणायचा. "आमच्या भिंतीला आख्खी बायको आहे."

"म्हातारं माणूस आहे. पडलं-झडलं तर तुम्ही येणार आहात का मशीन सोडून?"

सुभाषचा कारखाना दवाखान्यात लागणाऱ्या नळ्यांचा, त्यामुळे तो काही बंद झाला नाही. तो सकाळी डबा घेऊन जायचा तो अंधार पडल्यावर यायचा. चैत्राली, त्यांची एकुलती एक, तिकडे चेरीवूडला नोकरीला. पाच किलोमीटरच्या पुढं जायचं नाही असा नियम होता, त्यामुळे लेक फोनपुरतीच उरली होती. मग उल्काचा आख्खा दिवस भिंतीपलीकडच्या ओलिव्ह हॅकेटचा.

ओलिव्ह शहाऐंशीची. छाती नाजूक, बोटं संधिवातानं वाकलेली, पण चहाला बसताना गळ्यात मोत्यांची माळ. एकट्या माणसाला दुसऱ्या एका घराशी जोडून घ्यायची मुभा होती, बबल म्हणायचे त्याला. ओलिव्हच्या बबलमध्ये उल्का आणि सुभाष. तिची भाची हेझेल सँट्रीला अडकलेली. तिनं फोनवर उल्काकडून शब्द घेतला होता.

"मावशीला दार उघडायची फार हौस आहे. विक्रेता असो, पाद्री असो, आत घेऊन चहा पाजेल. आता हे दुखणं घरात आलं तर ती वाचायची नाही. लस मिळेपर्यंत कुणाला तिच्या दारात उभं राहू देऊ नकोस, उल्का."

"मी आहे ना," उल्का म्हणाली.

आणि खरंच होती. फाटक वाजलं की ही खिडकीत. पार्सलवाला आला, मतं मागणारा आला, देणग्या मागणाऱ्या बाया आल्या. सगळ्यांना हिनं आपल्या मोडक्या इंग्रजीत वाटेला लावलं. "बाई घरात नाहीत," असं ठणकावून खोटं सांगायला तिला मनापासून आवडायचं.

२

त्या जानेवारीत ओलिव्हच्या वडिलांची ट्रंक माळ्यावरून स्वयंपाकघरात आली. सुभाषनंच उतरवून दिली.

वडील, कॅप्टन हॅकेट, इंग्रजांच्या फौजेत होते. मोठ्या लढाईत ब्रह्मदेशाच्या सीमेवर हिंदी शिपायांची एक तुकडी त्यांच्या हाताखाली होती. एका संग्रहालयानं कागद घ्यायचं कबूल केलं होतं. रस्ते मोकळे झाले की गाडी येणार होती. तोवर ओलिव्ह रोज टेबलावर ढीग लावायची. नेमणुकीचे कागद, मेणकापडात गुंडाळलेले नकाशे, तंबूपुढचे फोटो, घरी लिहिलेली हवापाण्याची पत्रं.

"आमच्या लहानपणी इथं आयरिश माणसाला सांगायची सोय नव्हती, बाबा इंग्रजांकडून लढले म्हणून," ती म्हणायची. "शाळेत मी चहाच्या मळ्याचं नाव सांगायचे. आता निदान एका जागी लिहून राहू दे, की माणूस न्यायी होता. मी जायच्या आत एवढं झालं की ग्रँड."

एक दिवस तिनं एक पिवळा कागद पुढं सरकवला. "हे तुमच्या लिपीतलं आहे का गं?"

उल्कानं हात पुसले. तिचं शिक्षण दहावीचं, पण वाचायचं ते मोठ्यानं, ही कराडच्या घरची सवय. अक्षर कुणा कारकुनाचं होतं, वळणदार, रेघ सोडून न गेलेलं. ती वाचत गेली.

"आम्हां खाली अंगठे केलेल्यांस शिधा पोचला. कणीक व मीठ पुरेसे आहे. तक्रार नाही."

खाली जांभळ्या शाईचे अंगठे. त्यातल्या एकावर आडवी चीर होती, विळा लागल्याची असणार. उल्काच्या बापाच्या अंगठ्यावर तशीच होती.

तिनं अर्थ सांगितला. ओलिव्हचा चेहरा उजळला. "बघ. तक्रार नाही. मी म्हणत होते ना."

उल्का कागदाकडे बघतच होती. गावाकडं सोसायटीत अंगठे करणारी माणसं तिनं ढिगानं पाहिली होती. माणूस कागद आपल्याकडं ओढतो, वाकतो, जीभ दाताखाली धरतो, आणि अंगठा सरळ उमटतो. हे अंगठे वाटेल तसे पडले होते. काही आडवे, काही चक्क उलटे. हात दुसऱ्याच कुणी धरून टेकवले असावेत तसे.

म्हाताऱ्या माणसाला हे कशाला सांगायचं, म्हणून तिनं कागद परत सरकवला.

"मग एक कळत नाही," ओलिव्ह म्हणाली. "बाबांना घरात मळलेलं पीठ का चालायचं नाही? आख्ख्या गावात घरोघरी सोडा ब्रेड व्हायचा. आमच्याकडं मात्र दुकानातला कापलेला पाव. एकदा आजीनं हौसेनं पीठ मळलं. बाबांनी भांड्यात एकदा डोकावून बघितलं आणि मागच्या अंगणात जाऊन बसले. बर्फ पडत होतं. आत यायलाच तयार नव्हते."

३

"आता वडील नाहीत," उल्का दुसऱ्या दिवशी म्हणाली. "आज तुला गरम चपाती घालते."

ओलिव्ह शाळा बुडवणाऱ्या पोरीसारखी हसली. उल्कानं घरून पीठ, तवा, लाटणं आणलं आणि ओलिव्हच्या प्रेसमधलं, म्हणजे ओट्याखालच्या कपाटातलं, मोठं भांडं काढून कणीक मळली.

आता, मळलेला गोळा गुळगुळीत ठेवायचा नाही. हे उल्काच्या हातात इतकं बसलेलं की डोक्यापर्यंत जायचंही नाही. गुळगुळीत गोळा म्हणजे पिंड. तसाच ठेवला तर ज्यांचं पोट भरलेलं नाही ते पंगत मांडली समजून येतात. म्हणून झाकायच्या आधी चार बोटं उमटवायची. तिची आई उमटवायची, सासू उमटवायची, चेरीवूडच्या फ्लॅटमध्ये चैत्रालीसुद्धा हसत हसत उमटवते.

त्या दिवशी मात्र तिची बोटं गोळ्यावर गेली आणि थांबली. तिचं तिलाच हसू आलं. परक्याचं घर, परका धर्म. यांचे पितर चर्चमागं दगडाखाली नीट झोपवलेले. ते कशाला कणीक हुंगत येतील? तिनं गोळा तसाच झाकला आणि कचऱ्याचा डबा फाटकापाशी ठेवायला गेली.

परत येऊन फडकं काढलं तर गोळ्यावर अंगठे होते.

कडेकडेनं, दाटीवाटीनं, खोल दाबलेले. गोळा पिकल्या सीताफळासारखा दिसत होता.

"ओलिव्ह, तू हात लावलास का याला?"

ओलिव्हनं टेबलापाशी बसल्या बसल्या आपली वाकडी बोटं वर केली. "या हातांनी? माझ्यानं बटणही लागत नाही, बाई."

उल्का वाकली. एका खळग्यात आडवी चीर होती. फडक्याची शिवण असेल, तिनं स्वतःला सांगितलं. ओलं फडकं, मऊ कणीक, शिवण उमटायचीच. तिनं गोळा चटदिशी मळून टाकला आणि चपात्या लाटल्या. ओलिव्हनं तूप-साखर लावून मिटक्या मारत खाल्ल्या.

टेबलावर तो कागद तसाच पडला होता. निघताना उल्कानं तो ट्रंकेत अगदी तळाला सरकवला.

४

"डबा भरायला विसरलीस का?" सुभाषनं घरात पाऊल टाकताच विचारलं.

"चार चपात्या, वांग्याची भाजी. मी स्वतः झाकण लावलंय."

"मग झाकणच दिलंस. आत काही नव्हतं."

डबा कोरडा होता. घासलेला वाटावा इतका स्वच्छ. उल्काला वाटलं, कारखान्यातल्या कुणाचा तरी चावटपणा. सुभाषला वाटलं, बायको एकटी राहून विसराळू झाली. दोघांनी एकमेकांना आपापलं वाटणं सांगितलं नाही.

पण ते रोज व्हायला लागलं. मग घरातही. सुभाष तिच्यासमोर बसून जेवायचा, दोनदा भात घ्यायचा आणि हात धुवून आला की म्हणायचा, "पोटात काही पडल्यासारखं वाटत नाही गं."

"असं कसं? आत्ता माझ्यासमोर जेवलात."

"जेवलो ते ठाऊक आहे. पण पोचलं नाही."

त्याचे गाल बसले. पट्ट्याला त्यानं सुरीनं नवं भोक पाडलं. तो आजार असेल म्हणून तपासणी झाली, तो निघाला नाही. डॉक्टर फोनवर म्हणाला, ताण आहे, सगळ्यांनाच आहे. उल्कानं पीठ वाढवलं, तूप वाढवलं. मळलेल्या गोळ्यावर ती आता चारच काय, दहाही बोटं उमटवायची. फडकं काढावं तर तिच्या बोटांवर जाडजूड अंगठे दाबलेले.

मग एक दिवस कारखान्यातून फोन आला. सुभाष मशीनपाशी चक्कर येऊन पडला होता. तिथल्या नर्सनं नंतर त्याला घरी आणून सोडलं, आणि दारातूनच, मास्कआडून, उल्काला दटावलं.

"तुझा नवरा म्हणतो की तो जेवतो. मी बऱ्याच वर्षांपासून नर्स आहे. हा माणूस उपाशी आहे."

आतून सुभाष म्हणाला, "उल्का, काहीतरी खायला दे." त्याच्या ओठाला चपातीचा कण चिकटलेला होता.

५

गावी असती तर कुणाला तरी विचारलं असतं. इथं कुणाला विचारणार? बोटं न उमटवता गोळा हिनंच झाकला होता, पंगत हिच्याच घराला लागली होती. चैत्रालीला सांगावं तर ती म्हणणार, आई, तू बातम्या बघायचं बंद कर.

उल्कानं डोळे मिटून, आईनं केलं असतं ते केलं. एका पानावर, म्हणजे कागदी ताटलीवर, भात, कणकेचा गोळा, मीठ असं वाढलं आणि मागच्या अंगणात कुंपणाशी ठेवलं. दुपारची वेळ, बारीक पाऊस. कावळे इथंही मुबलक. पाच-सात येऊन कुंपणावर बसले, आणि बसूनच राहिले.

कावळा शिवत नाही तेव्हा गेलेल्याची इच्छा राहिलेली असते. मग घरच्यांनी पुढं व्हायचं, हात जोडायचे आणि एकेक वचन द्यायचं, जमेल ते. बरोबर इच्छा ओळखली की कावळा उतरतो.

"दर अमावास्येला पान ठेवीन," उल्का हळूच म्हणाली. शेजारच्या खिडकीत ओलिव्ह असेल, ऐकू जाऊ नये म्हणून. कावळे हलले नाहीत.

"गावाकडं तुमच्या नावानं पंगत घालीन. नावं माहीत नाहीत, पण घालीन."

पाऊस भातावर पडत होता.

"तुमचा कागद तिकडं संग्रहालयात जाऊ देणार नाही. फाडून टाकीन. चालेल का?"

एका कावळ्यानं पंख झाडले. तेवढंच.

"अहो, त्यांना का छळताय? त्यांनी तुमचं काय खाल्लंय?" तिचा आवाज फुटला. खोलीतून सुभाषची हाक येत होती, भूक लागलीय म्हणून. आत्ताच तर जेवला होता. "तुम्हाला कोण पाहिजे ते तरी कळू द्या. साहेब पाहिजे का तुमचा? साहेबाचं घर पाहिजे?"

सगळे कावळे एकदम खाली उतरले.

तिनं ताटलीवर झडप घालून त्यांना उडवायला पाहिजे होतं. ती उभी राहिली. ताटली पांढरी होईपर्यंत उभी राहिली.

६

पुढच्या आठवड्यात ओलिव्हला लस मिळायची होती. ती भिंतीवर काठी ठोकून उल्काला सांगत होती, निळा कोट घालणार म्हणून.

त्याच दुपारी मागच्या दाराबाहेर खाकरल्याचा आवाज आला.

मागच्या दाराला धुकट काच होती. पलीकडं माणूस उभा राहिला की डोकं काचेच्या वरच्या बाजूला दिसायचं. उल्का आली तेव्हा वर काही नव्हतं. खाली, पार खाली, मातकट आकार होते. कडेनं एकाला लागून एक, भिंतीच्या टोकापर्यंत.

कचऱ्याच्या काळ्या पिशव्या, तिला वाटलं. सुभाषनं ठेवल्या असतील. पण सुभाष आत झोपला होता, त्याला उभंही राहवत नव्हतं. आणि पिशव्या एवढ्या धीरानं बसत नाहीत. ही उकिडवी बसलेली माणसं होती, गुडघ्यांवर हात टाकून, पाठी भिंतीला लावून. इथली माणसं अशी बसत नाहीत. अशी बसतात ती चावडीपुढं, ज्यांना बसा म्हणून सांगितलेलं असतं आणि ऊठ म्हणून अजून कुणी सांगितलेलं नसतं.

"आक्का," बाहेरून आवाज आला. नदीकाठचा, कराडाकडचा, तिच्या माहेरच्या वाटेवरचा. अदबीचा. "सायबाचं घर कोन्तं?"

काचेवर एक अंगठा टेकला आणि तिथंच राहिला. त्यावर आडवी चीर होती. मागच्या खोलीत सुभाष उठून बसल्याचा आवाज आला. "उल्का," तो म्हणाला, "दे ना गं काहीतरी." लहान मुलासारखा.

ती एवढे दिवस सगळ्यांना सांगत आली होती, बाई घरात नाहीत. एवढे तीन शब्द. ते ओठांवर आले होते, अगदी ओठांवर.

"हे नव्हं," तिच्या तोंडून माहेरची बोली आली. "श्येजारचं. हिरवं दार." आणि मग, कुणाला पत्ता सांगायचा तर अर्धवट सांगायचा नाही ही जन्माची खोड, म्हणून तिनं पुढंही सांगितलं. "साहेब न्हाईत आता. लेक असती. एकटीच. हाक मारा, उघडती ती."

काचेवरचा अंगठा निघाला. आकार एकेक करून उंच झाले, फार उंच नाहीत, आणि काच पुन्हा नुसती पांढरी झाली.

७

भिंतीपलीकडं दार वाजलं.

काठी टेकत टेकत गेली. साखळी निघाली. "अरे देवा, किती भिजलात," ओलिव्ह म्हणत होती. "आत या. सगळे या, उभे का?"

तिच्या स्वयंपाकघरात खुर्च्या दोन. उल्कानं खुर्ची ओढल्याचा आवाज ऐकला, मग दुसरी. मग आणखी एक. मग आणखी. प्रेस उघडल्याचा, ताटल्या उतरवल्याचा.

"नाही, ते वारले," ओलिव्हचा आवाज आला. "मी त्यांची मुलगी. माझ्याकडं कागद आहे, तुमची तक्रार नव्हती." आणि थोड्या वेळानं, वेगळ्याच, बारीक आवाजात, "मला मळता येत नाही हो. माझे हात..."

उल्काच्या मुठीत ओलिव्हच्या दाराची किल्ली होती. हेझेलनं पाठवलेली, हिरव्या फितीची. दोन दारांमध्ये एक गुलाबाचं झुडूप होतं, बाकी काही नाही. तिनं हाक मारायला पाहिजे होती. नुसती भिंत जरी वाजवली असती.

"उल्का," सुभाष दारात येऊन उभा होता. पोटावर हात ठेवून, नवल वाटल्यासारखा. "मघाचा भात आत्ता पोचला बघ. काय छान वाटतंय." किती दिवसांनी तो हसत होता.

ती शेगडीपाशी गेली आणि धूर ओढायचा पंखा लावला. तो मोठ्यात मोठा करता येतो तेवढा केला.

८

सकाळी किल्लीनं दार उघडलं तेही तिनंच, आणि रुग्णवाहिका बोलावली तीही तिनंच. डॉक्टरांनी हृदयाचं नाव लिहिलं. वय बघता नवल काहीच नव्हतं.

अंत्यविधीला मोजक्याच माणसांना परवानगी होती. हेझेल येऊ शकली, पण उल्काच्या दारात तिला येता आलं नाही. फाटकाबाहेर गाडी उभी करून तिनं आतून फोन केला. खिडकीच्या काचेतून दोघी एकमेकींना बघत होत्या.

"गार्डा पोलीस म्हणाले, मावशी कणीक मळत होती," हेझेल म्हणाली. "कोपरापर्यंत पीठ वाळलेलं. पिठाची आख्खी पिशवी संपलेली. तिनं जन्मात पिठाला हात लावला नव्हता, उल्का. आणि टेबलावर घरातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या ताटल्या, सगळ्या चाटूनपुसून साफ. तिला काय झालं होतं गं? भ्रम?"

उल्काच्या मागं सुभाष गुणगुणत डबा भरत होता. त्याच्या गालांवर रंग आला होता.

"मला एकच खातंय," हेझेल म्हणाली. "एवढे दिवस मी तिच्यापाशी नव्हते. मला खरं सांग. शेवटी एकटी नव्हती ना ती?"

"नाही," उल्का म्हणाली. "एकटी नव्हती."

काचेपलीकडं हेझेल स्टिअरिंगवर डोकं टेकून रडायला लागली. रडता रडता तिनं आभार मानले. तुझ्यासारखी शेजारीण होती म्हणून, असं म्हणाली. पुन्हा पुन्हा म्हणाली.

उल्कानं सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली.